डाव्या हाताची गिटार

मास्तरांची डावी बाही कायम पांढरी असायची. खडूनं कापडावर रेघ मारायची आणि त्याच हाताच्या मनगटानं ती अर्धी पुसून टाकायची, हा त्यांचा जन्मभराचा उद्योग. उजवी बाही मात्र संध्याकाळपर्यंत जशीच्या तशी, जणू तो हात दिवसभर सुट्टीवर होता.

ते टेलर होते, म्हणून मास्तर. जेन्ट्स टेलर. उमेदवारीच्या दिवसांत त्यांनी एका मोठ्या वकिलाच्या सहा शर्टांना बटणं उजवीकडची डावीकडे लावली होती आणि वकीलसाहेब बायकोचा शर्ट घातल्यासारखे दिसले होते. उस्तादांनी एक-एक टाका उसवायला लावला आणि वर म्हणाले, "देवानं तुला हात दिलेत, पण घाईत दिलेत." दुकानातली कात्री उजव्या हाताची, मशीनचं चाक उजव्या बाजूला, शाळेतली छडी तर होतीच. मास्तरांनी कधी तक्रार केली नाही. सगळं जग आपल्याकडे पाठ करून बसलंय असं धरून ते चालायचे, आणि पाठीकडूनच काम भागवायचे.

दुकानात त्यांच्या डावीकडे त्यांची बायको बसायची. आळी तिला काकू म्हणायची. काजं-बटणं, हूक, तुरपाई काकूंकडे. मास्तरांचं डावं कोपर आणि काकूंचं उजवं कोपर यांचं दिवसातून कितीदा तरी वाजायचं. जागा बदलून बघितली, तर मशीनचं चाक मध्ये यायचं. शेवटी काकूंनी बाहीच्या आतून कोपराला कापसाची गादी शिवून घेतली आणि संसार पुढं चालू राहिला.

काकूंचा एक बाणा होता. गिऱ्हाइकाचं कापड उरलं, मग ते वीतभर का असेना, घडी घालून, रबर लावून परत द्यायचं. गिऱ्हाइकं वैतागायची. "याचं काय करू मी, काकू?" "काय वाटेल ते करा. आमच्याकडे राहायला नको." टेलरच्या दुकानातून उरलेलं कापड परत येतं हे ऐकून दुसरे टेलर हसायचे, आणि मास्तर मान खाली घालून मशीन चालवायचे.

मास्तरांचा जीव मात्र कपड्यात नव्हता, गिटारमध्ये होता.

तरुणपणी त्यांनी एका ऑर्केस्ट्राचे चमचमते कोट शिवले होते. फिटिंगसाठी तालमीला जाऊन बसावं लागायचं. गिटारवाला सिगारेट ओढायला बाहेर गेला की मास्तर हळूच त्याची गिटार उचलायचे, आणि अंगाला जमेल तशी धरायचे. म्हणजे उलटी. जाड तार वर असायला हवी ती खाली, बारीक तार खाली हवी ती वर. आजोबांच्या मांडीवर बसलेलं पोर जसं उलट्या वर्तमानपत्रावर अक्षरं शिकतं, तसे मास्तर गिटार शिकले. पुढं एक साधी लाकडी गिटार घेतली, तीही तशीच उलटी धरून वाजवली. शटर अर्धं ओढलं की तासभर वाजवायचे. चांगली वाजवायचे. ऐकणाऱ्याला पटायचं, बघणाऱ्याला घेरी यायची.

त्या गिटारवाल्यानं एकदा सांगितलं होतं, की एक जुनी कंपनी आहे, ती ऑर्डर आली तर डावखुऱ्यांसाठी वेगळी इलेक्ट्रिक गिटार बनवायची. पण ऑर्डर द्यायचं कोण? लाखात एखादा. "अशी जुनी गिटार कुठं दिसली ना, तर अंगावरचे कपडे विकून घे," तो म्हणाला होता. मास्तरांना ते पाठ झालं होतं. आता ती कंपनीही बंद पडून जमाना झाला होता.

आणि एके दिवशी ते दुकानाच्या परवान्याची झेरॉक्स काढायला गेले. झेरॉक्सवाल्याच्या दारात एक फळी होती, तिच्यावर भाड्यानं खोली, हरवलेला पोपट, शिकवण्या असल्या चिठ्ठ्या टाचलेल्या. त्यात एक चिठ्ठी सुवाच्य, वळणदार अक्षरात: 'इलेक्ट्रिक गिटार विकणे आहे. जुनी. सदोष. कारखान्यातूनच उलट बनून आली आहे. हे आधीच सांगत आहोत, नंतर तक्रार चालणार नाही.' खाली गिटारच्या कंपनीचं, त्याच कंपनीचं नाव आणि विकणाऱ्याच्या घरचा पत्ता.

मास्तरांनी चिठ्ठी वाचली. परत वाचली. मग इकडंतिकडं बघून ती टाचणीसकट काढली आणि खिशात घातली. परवाना झेरॉक्सच्या मशीनमध्येच राहिला.

पत्त्यावर दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाई निवृत्त मुख्याध्यापिका निघाल्या. अख्खी इमारत त्यांना मोठ्या बाई म्हणायची. दारात चपला शाळेच्या रांगेसारख्या उभ्या. टेबलावर आजचं वर्तमानपत्र, आणि त्यातल्या चुका लाल पेननं गोल केलेल्या. ते लाल पेन बघितल्यावर मास्तरांचा डावा हात आपोआप पाठीमागं गेला.

"आपण?"

"मी टेलर. सगळे मास्तर म्हणतात."

"मास्तर? कुठल्या शाळेत?"

"शाळेत नाही. दुकानात."

"मग मी टेलर म्हणेन. बसा."

पलंगाखालून त्यांनी एक काळी लांबट पेटी ओढली. कड्या उघडल्या. आत मखमलीवर गिटार पडलेली होती. जुन्या साबणाच्या वडीसारखा फिकट पिवळा रंग, कडेला थोडे पोपडे, पण अंग शाबूत. आणि तिच्या अंगाचं शिंगासारखं खालचं टोक, तारांच्या वरच्या खुंट्या, आवाजाची बटणं, सगळं सगळं दुसऱ्या बाजूला. मास्तरांनी ती मांडीवर घेतली. शिंग बरोबर मांडीत बसलं. कोपर जिथं टेकायचं तिथं लाकूड उतरतं केलेलं होतं. बटणं बोटाखाली आली. पन्नाशी ओलांडल्यावर आज पहिल्यांदाच कुठल्या तरी कारखान्यानं त्यांचं माप घेतलं होतं.

त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी वाजवायला सुरुवात केली, आणि पत्र्यावर भांडी घरंगळावीत तसा आवाज आला.

मास्तर थांबले. परत धरली. परत भांडी. मग डोक्यात उजेड पडला. ही खरीखुरी डाव्या हाताची गिटार होती, म्हणजे जाड तार वर, बारीक खाली, जशी असायला हवी तशी. आणि त्यांची बोटं आयुष्यभर उलट शिकलेली. त्यांच्यासाठी बनवलेली एकुलती एक गिटार त्यांना वाजवता येत नव्हती.

"बघितलंत?" मोठ्या बाई समाधानानं म्हणाल्या. "म्हणून मी सदोष लिहिलं. माझ्या धाकट्या भावाची ही. पहिल्या पगारांतून आणली. मी बघताक्षणी सांगितलं, उलटी आहे, परत कर. तर म्हणाला, दुकानदार परत घेत नाही."

"तेही डावरे होते का?"

"होता. लहानपणी. मी सोडवलं." बाईंनी हे हिवताप बरा केल्यासारखं सांगितलं. "अक्षर पुढं मोत्यासारखं झालं. माझ्यासमोर कधी तोंड वर करून बोलला नाही. गेल्या वर्षी गेला."

"वाजवायचे?"

"छे. सदोष वस्तू कशी वाजणार? मी तरी या घरात कधी ऐकली नाही."

त्यांनी किंमत सांगितली. एका साध्या कोटाच्या शिलाईएवढी. मास्तर गिटारकडेच बघत राहिले. त्यांच्या गप्प बसण्याचा बाईंनी वेगळाच अर्थ लावला.

"बरोबर आहे तुमचं. मोडकी वस्तू गळ्यात मारायची मलाही सवय नाही. उद्या सकाळी सुतार बोलावलाय. आधी दुरुस्त होऊ दे, मग न्या. किंमत तीच."

"दुरुस्त म्हणजे, बाई?"

"तारा उजवीकडून डावीकडे घेईल. आणि हे शिंग इकडून कापून तिकडं लावेल."

"नको," मास्तर म्हणाले. पण वर्गात शेवटच्या बाकावरून म्हणावं तसं म्हणाले, तेव्हा ते बाईंपर्यंत पोचलं नाही. पेटी बंद झाली. मास्तर जिना उतरून रस्त्यावर आले.

संध्याकाळी त्यांनी एका पॅन्टच्या पायांना समोरून इस्त्रीच्या दोन-दोन कडा पाडल्या. काकूंनी दोऱ्याला गाठ मारता मारता बघितलं.

"काय झालंय?"

"कुठं काय?"

"पॅन्टला चार कडा आल्यात. काय झालंय?"

मास्तर काकूंपुढं फार वेळ तग धरणारे नव्हते. बहुतेक सगळं सांगून टाकलं. काकू ऐकत होत्या, बटण लावत होत्या.

"किती सांगितले?"

त्यांनी सांगितलं.

"आणि खरी किंमत?"

"जाणकाराला विकली तर या दुकानाचा माळा पक्का होऊन वर रंगही होईल."

काकूंनी दातानं दोरा तोडला. "म्हणजे गिऱ्हाइकाचं कापड उरलंय, आणि तुम्ही ते मांडीखाली घेऊन बसायला निघालात."

"अगं, त्या विकतायत, मी घेतोय."

"त्यांना माहितीच नाही त्या काय विकतायत. त्यांना सांगायचं."

"सांगितलं तर देतील का?"

"नाही देणार. मग नाही देणार."

मास्तरांनी इस्त्री उभी करून ठेवली. आयुष्यभर त्यांना वाटत आलं होतं की बायकोचा हा प्रामाणिकपणा कापडापुरता आहे. "पण सांगायला तरी वेळ कुठाय?" ते शेवटी म्हणाले. "उद्या सकाळी सुतार येणार आहे शिंग कापायला."

"आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?" काकू म्हणाल्या.

सकाळी दोघं दुसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा दार उघडंच होतं. सुतार जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसला होता. कानावर पेन्सिल, शेजारी करवत. तारा त्यानं उलटसुलट करून बसवल्या होत्या. तारांखालची हाडाची पट्टीही काढून, फिरवून, कानशीनं खाचा रुंद करून परत चिकटवली होती. आता गिटार आडवी झाली होती आणि शिंगावर पेन्सिलीची एक सरळ, सुबक रेघ होती. त्यानं करवत उचलली.

मास्तर पुढं झाले आणि त्या रेघेवर त्यांनी आपला डावा हात ठेवला.

सुतारानं वर बघितलं. "हात काढा, मास्तर. कापायचंय."

"माहिती आहे."

"मग?"

"म्हणूनच ठेवलाय."

सुतार समजूतदार होता. त्यानं करवत खाली ठेवली आणि भांडण कुणाचं आहे हे कळायची वाट बघू लागला. मोठ्या बाई आतून आल्या. मास्तरांचा तो हात त्यांनी बघितला, आणि मास्तरांना तो मागं घ्यावासा वाटला, पण घेतला नाही. बोलल्या काकू.

"बाई, ही गिटार बिघडलेली नाही. डावखुऱ्या माणसासाठी मुद्दाम अशीच बनवून घेतात. ऑर्डर देऊन. फार थोड्या निघाल्या, म्हणून किंमत फार आहे. तुम्ही सांगितली त्याच्या कितीतरी पट. हे काल यांनी सांगायला हवं होतं. यांच्या घशात अडकलं."

सुतारानं कानावरची पेन्सिल काढून खिशात घातली.

"मुद्दाम?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"हो."

"ऑर्डर देऊन?"

"पैसे आधी भरावे लागायचे," मास्तर म्हणाले. "सहा-सहा महिने थांबावं लागायचं."

मोठ्या बाई खुर्चीवर बसल्या. "म्हणजे दुकानदार परत घेत नाही, हे खोटं होतं." त्या रागावल्यात की काय ते कुणालाच कळेना. "चाळीस वर्षं या घरात माझ्याशी खोटं बोलला. मला वाटायचं त्याला ते येतच नाही." मग मास्तरांकडे वळून म्हणाल्या, "वाजवून दाखवा. खरं असेल तर वाजली पाहिजे."

मास्तरांनी जमिनीवरच बसून गिटार उचलली आणि मनातल्या मनात सगळं संपलं असं धरलं. बोटं ठेवली. सूर निघाला. स्वच्छ, गोल सूर. ते दचकले. सुतारानं तारा उलट्या केल्या होत्या, म्हणजे डावखुऱ्यानं धरल्यावर बारीक तार वर आली होती आणि जाड खाली. थेट त्या ऑर्केस्ट्राच्या तालमीतल्यासारखी. साऱ्या जगाच्या हिशेबानं चूक, त्यांच्या बोटांच्या हिशेबानं बरोबर. मास्तर वाजवत गेले. काकूंनी डोळे मिटले. सुतारानं मांडीवर ताल धरला आणि मध्येच मोठ्या बाईंकडे बघून सोडून दिला.

"बघा," वाजवणं थांबल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या. "दुरुस्त केल्यावर वाजली की नाही? काल तुम्हाला जमत नव्हतं. मीच बरोबर होते."

मास्तरांनी तोंड उघडलं. काकूंनी त्यांना कोपर मारलं, गादीच्या कोपरानं. मास्तरांनी तोंड मिटलं.

"पण आवाज इतकाच?" बाईंनी विचारलं.

"वीज जोडली नाही तर इतकाच, बाई."

"म्हणजे शेजारच्या खोलीत ऐकू येत नसेल."

"दार लोटलेलं असेल तर नाही."

मोठ्या बाईंनी शेजारच्या, भावाच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. तिथं आता कपड्यांचं कपाट उभं होतं. मग पदराच्या टोकानं चष्मा पुसला, आणि टेबलाशी जाऊन बसल्या.

"किंमत मी काल सांगितली आहे."

"ती चालणार नाही," काकू म्हणाल्या. "चौपट तरी घ्या."

"एकदा दिलेले मार्क मी बदलत नाही."

"आणि आम्ही उरलेलं कापड ठेवत नाही."

"अगं, मी विकणारी आहे ना? मी सांगेन ती किंमत."

"मग आम्हाला नको."

मास्तरांचा जीव खालीवर होत होता. जगात सगळीकडे घेणारा खाली ओढतो आणि विकणारा वर, इथं सगळं उलटं चाललं होतं. काकू वर नेत होत्या, बाई खाली आणत होत्या, आणि दोघींपैकी कुणीही माघार घेतली तरी दंड त्यांनाच बसणार होता. काकू तिप्पटीवर आल्या. बाई कालच्याच आकड्यावर. शेवटी सुतार म्हणाला, "मला दुसरीकडे जायचंय. दुप्पट करा, आणि माझी मजुरी मास्तर देतील." त्याच्याशी दोघींपैकी कुणालाच भांडता आलं नाही, कारण तो खरंच निघाला होता.

आवाज वाढवायचा डबा, म्हणजे गिटारचा ॲम्प्लिफायर, गॅलरीत सापडला. बाईंनी त्यावर तुळतुळीत पानांची एक कुंडी ठेवली होती आणि वर्षभर रोज पाणी घातलं होतं. आळीतल्या रेडिओवाल्यानं तो उन्हात वाळवला, आतून थोडी माती काढली, एक गांडूळ काढलं, आणि डबा सुरू झाला. दुकानात पहिल्यांदा गिटार जोडली त्या दिवशी अर्ध्या आळीचे दिवे गेले. उरलेल्या अर्ध्या आळीनं ऐकलं.

हळूहळू बातमी पसरली. एक दिवस कुठून तरी लांबून एक संग्राहक आला. हातात पांढरे मोजे घालून त्यानं गिटार बघितली आणि कपाळाला हात लावला. तारा उलट्या. पट्टी कुणी कानशीनं कुरतडली? शिंगावर ही पेन्सिलीची रेघ कसली? सगळं मूळच्यासारखं करून द्या, तुम्ही म्हणाल ते देतो, असं म्हणाला. मास्तर म्हणाले, मूळच्यासारखं केलं तर मला वाजवता येत नाही. तो म्हणाला, वाजवायची कशाला? काकूंनी त्याच्या कोटाची उसवलेली बाही दाखवली. ती शिवून, पैसे घेऊन, त्याला रवाना केलं.

मोठ्या बाई मधूनमधून यायला लागल्या. आधी पाटीवरचं 'शिवून मिळेल' ऱ्हस्व-दीर्घाच्या दृष्टीनं तपासायला, मग एक परकर सैल करायला, मग काहीच काम नसताना. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर ताठ बसून ऐकायच्या. "दुसऱ्या ओळीत घाई करता," एवढंच बोलायच्या. मास्तर ती ओळ परत वाजवायचे, शाळेत कधी लिहिली नव्हती इतक्या मुकाट्यानं.

आणि मग एका दुपारी, दुकानात कुणी नसताना, त्यांनी हात पुढं केला. "द्या इकडं."

मास्तरांनी गिटार दिली. बाईंनी ती आपल्या बाजूनं, उजव्या हातानं वाजवतात तशी धरली. तारा त्यांच्या सोयीच्या होत्या, कारण सुतारानं त्या सरळ हातासाठीच बदलल्या होत्या. फक्त शिंग काखेत टोचत होतं.

"सूर कुठल्या हातानं धरायचा?"

"डाव्या," मास्तर म्हणाले.

"आणि उजव्यानं?"

"उजव्यानं तारा छेडायच्या. सुरुवातीला एवढंच."

"म्हणजे अवघड सगळं डाव्या हाताला."

"तुम्हा लोकांचं तसंच असतं, बाई."

मोठ्या बाईंनी आपला डावा हात उलटासुलटा करून बघितला. मऊ, कोरा हात. आयुष्यभरात त्यानं फार तर वही धरली होती. मास्तर खाली वाकले, त्यांची बोटं एकेक करून तारेवर ठेवली, आणि म्हणाले, "मनगट सैल सोडा. छडी नाही ती." म्हटल्यावर ते स्वतःच घाबरले. बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं आणि मनगट सैल सोडलं.

तार छेडली. मरत्या माशीसारखा आवाज आला. परत छेडली. बोटाच्या टोकावर तारेचा खोल वळ उठला.

काकूंनी शिवणाच्या डब्यातून अंगुस्तान काढून पुढं केलं. "हे घाला बोटात. टोचणार नाही."

"घालून वाजेल का?" बाईंनी मास्तरांना विचारलं.

"नाही वाजणार."

"मग ठेव ते," बाई काकूंना म्हणाल्या, आणि बोटं परत तारेवर नेली. दारात एक गिऱ्हाईक पॅन्ट घेऊन उभं राहिलं होतं. मास्तरांनी त्याला हातानंच बाहेर थांबायची खूण केली.